बारागाड्यांचा भगत आणि तीन महिन्यांचं इंजेक्शन

सत्तावीस वर्षं मी धुळ्यात माणसांना खुर्चीतून उठायला शिकवलं. ऐकायला हे काम काही फार मोठं वाटत नाही, ते मला ठाऊक आहे. लग्नाकार्यात कुणी विचारलं की ताई तुम्ही काय करता, आणि मी फिजिओथेरपिस्ट असं सांगितलं, की समोरची बाई हमखास म्हणायची, "म्हणजे मालीश ना? माझा गुडघा बघा ना जरा." मग भर पंगतीत मी तिचा गुडघा बघायचे. एकदा एक शेतकरी शिरपूरहून आला, दोन तास रांगेत बसला, आणि नंबर लागल्यावर कळलं की त्याला स्वतःला काहीच झालेलं नाही. त्याची म्हैस मागचा पाय ओढत चालत होती आणि तिला कोणता व्यायाम द्यायचा ते त्याला विचारायचं होतं. मी त्याला गुरांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला, पण आधी म्हशीबद्दल चार प्रश्न विचारून घेतलेच.

आता निवृत्त होऊन मी जळगावात पिंप्राळ्याला, माझ्या माहेरच्या भागात राहते. स्कूटरवरून भाजी आणते, आणि भाजीवाला वाकून टोपली उचलताना कंबर चुकीची वाकवत असेल तर त्याला तिथेच सुनावते. तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ. त्याबद्दल माझ्याविरुद्ध वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक खऱ्या आहेत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढच्या गोष्टीत माझ्या तोंडाने एक काम जवळजवळ बिघडवलं होतं.

गोष्ट आहे लोटन आबांची. पण त्याआधी साक्रीच्या गुरुजींबद्दल लिहायला हवं, नाहीतर ते अप्रामाणिक होईल.

पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची एक लहानशी ग्रंथी असते. तिचा कॅन्सर बहुतेक वेळा पुरुषी हार्मोनवर पोसतो. म्हणून पुष्कळांना दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन देऊन ते हार्मोनच बंद करून टाकतात. गाठीची उपासमार होते आणि माणूस बरीच वर्षं चांगला जगू शकतो. औषध चांगलंच आहे, त्याबद्दल मला एका शब्दाने वाईट बोलायचं नाही. पण तेच हार्मोन दंडात आणि मांडीत मांस धरून ठेवत असतं. ते बंद झालं की मांस उतरतं, पोट सुटतं, हाडं विरळ होतात. पाळी जाताना आम्हा बायकांना होतं तसं बसल्या बसल्या अंग तापून घाम फुटतो. माणूस हळवा होतो. नवरा-बायकोतलंही काही जातं, त्याबद्दल तर कुणी कुणाशी चकार शब्द काढत नाही. आणि पेशंटला वाटतं, आपण म्हातारे झालो.

साक्रीचे गुरुजी असेच माझ्याकडे आले होते, नोकरीच्या मधल्या वर्षांत कधीतरी. शांत, इस्त्रीचे कपडे. जिना चढताना पाय भरून येतात म्हणाले. मी कागद वाचला, कॅन्सर हा शब्द पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, जास्त दगदग करू नका. सकाळी थोडं फिरा, बाकी आराम करा." आराम. जे मांस आधीच उतरत होतं त्याला मी आराम सांगितला. सात-आठ महिन्यांनी ते न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि पुन्हा पायांवर उभे राहिले नाहीत. कॅन्सरने त्यांना काहीच केलं नव्हतं, तो इंजेक्शनखाली गुपचूप पडून होता. त्यांच्या मुलाने मला कधी दोष दिला नाही, कारण मी काय चुकले ते त्याला कळलंच नाही. मला कळलं. त्यानंतर मी वाचलं, मोठ्या शहरातल्या जाणत्यांना विचारलं, आणि या इंजेक्शनवरचा प्रत्येक पुरुष माझ्याकडे पाठवा म्हणून आमच्या डॉक्टरांच्या मागे लागले. अशा माणसाला आराम नको, वजन उचलायला हवं, आणि दर आठवड्याला थोडं जास्त. मांसाला काम दिलं आणि खायला दिलं तर ते हार्मोनशिवायही बरंचसं टिकतं. वेळ जास्त लागतो, एवढंच.

आता लोटन आबा. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. त्यांचा मुलगा संजय त्यांना जवळजवळ ओढतच धुळ्याच्या दवाखान्यातल्या माझ्या खोलीत घेऊन आला. सोनगीरजवळच्या एका खेड्यातले, अडुसष्ट वर्षांचे, हाडापेराने मोठे. खांदे रुंद होते, पण सदरा त्यावर हँगरला अडकवल्यासारखा लोंबत होता. मागून त्यांच्या बायको, विमलअक्का, पिशवी सांभाळत आल्या. संजय म्हणाला, "मॅडम, आज यांचं इंजेक्शन आहे आणि हे घ्यायला तयार नाहीत. डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलं."

मी आबांना विचारलं, का नाही घ्यायचं.

"हाई इंजेक्शन माले खाई राह्यनं," आबा आमच्या खानदेशी बोलीत म्हणाले. "गाठ नही खात. इंजेक्शन खास."

त्यांच्या म्हणण्यात तसं चूक काहीच नव्हतं, मांस इंजेक्शननेच उतरत होतं. मी त्यांना बिनहातांच्या खुर्चीवर बसवलं आणि छातीवर हात बांधून पाच वेळा उठून बसायला सांगितलं. आमची ही साधी परीक्षा असते, हातात एक घड्याळ पुरतं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्गात मी त्यांना अंगठे धरायला सांगितलं होतं. "उठाबशा काढाले मी काय शाळामा शे का?" मग उठायला गेले आणि उठवेना. दुसऱ्यांदा मांडीवर हात टेकून उठले. पाच वेळा व्हायला एकवीस सेकंद लागले आणि शेवटी त्यांच्या कपाळावर घाम आला. धडधाकट माणूस हे याच्या निम्म्या वेळात करतो. अक्का खिडकीकडे बघत राहिल्या.

मग संजयने खरी गोष्ट सांगितली. आबा गावाचे भगत होते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे खंडेरावाच्या जत्रेला बारा बैलगाड्या, बैल न जुंपता, एकामागे एक बांधतात. गाड्यांमध्ये गाव चढून बसतं. आणि कंबरेला दोर बांधलेला एकच माणूस त्या ओढत देवळाकडे नेतो. तो भगत. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याला धरून पळणारे दोघं असतात, त्यांना बगल्या म्हणतात. गाड्यांना एकदा गती आली की मागून पुष्कळ हात लागतात, हे सगळ्या गावाला माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. पण पहिला हिसका भगताच्या मांड्यांचाच असतो, तिथे देवही हात लावत नाही. आबांनी सव्वीस वर्षं गाड्या ओढल्या होत्या. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ओढल्या, आणि त्यानंतर महिन्याभरात लघवी अडली म्हणून तपासलं तर हा आजार निघाला.

"आखाजीले माले गाडा वढनं शे," आबा म्हणाले. "मी आते इंजेक्शन लेवाव नही. ताकद येई जाई. मंग देखू."

ताकद येईल, मग बघू. आणि गाठ? डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की इंजेक्शन सोडलं तर गाठ पुन्हा पोसेल आणि हाडात शिरेल. आबांना ते समजलं होतं. त्यांनी हिशेब केला होता आणि आखाजी निवडली होती. माणूस अडाणी नव्हता, हट्टी होता, आणि हट्टी माणसाशी माझं चांगलं जमतं.

मी डॉक्टरांना वर बोलावलं. त्यांनी हाडांच्या तपासणीचा कागद आबांपुढे धरला. आजार हाडात गेला नव्हता, पण हाडं विरळ झाली होती. बारा गाड्यांचा हिसका मणक्याला झेपणार नाही, यंदा नाही आणि पुढेही नाही, हे त्यांनी तोंडावर सांगून टाकलं. आबांचे डोळे भरले आणि त्यांना स्वतःलाच त्याचा राग आला. अक्का हळूच मला म्हणाल्या, "आते असंच करतस. टीव्ही देखतस नि रडतस." मी सांगितलं की तो इंजेक्शनचा भाग आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पंच्याने डोळे पुसून ते म्हणाले, मग संजयने ओढायला पाहिजे. संजय चपापला. त्याचं सोनगीरला खताबियाण्यांचं दुकान, दिवसभर गादीवर बसणारा माणूस. पण तो नाही म्हणाला नाही. त्यावर आबांनी गावाची रीत सांगितली. नवा भगत पहिल्यांदा गाड्या ओढतो तेव्हा जुन्या भगताने उजवा बगल्या म्हणून देवळापर्यंत त्याच्या सोबत पळायचं असतं, त्याला धरून, एकदाही हात न सोडता. जुना भगत हयात असून पळू शकला नाही, तर भगतपण त्या घरातून जातं आणि भाऊबंदकीत दुसऱ्याकडे सरकतं. आबांनी मला विचारलं, "एवढं तरी व्हई का मनाकडतीन?"

अंतर साधारण तीनशे पावलं, चढ थोडा. हातात एक पंचेचाळिशीचा वजनदार मुलगा. आणि समोर हा माणूस, ज्याला खुर्चीतून उठवत नव्हतं. हातात तीन महिने.

मी म्हणाले, "होईल. पण इंजेक्शन आज घ्यायचं."

"आजनं लेस," आबा म्हणाले. "पुढलं आखाजीना मांगे येस. मी पळनू तर लेसू. नही पळनू तर नही लेवाव."

आजचं घेणार, आणि आखाजीनंतरचं पळता आलं तरच, असा आमचा सौदा झाला. डॉक्टर जिन्यात मला म्हणाले, तुम्ही एका माणसाचं आयुष्य तीनशे पावलांवर लावलंय. मी म्हणाले, मी नाही, त्यांनी लावलंय. पण घरी जाताना मी तीनशे पावलं मोजून पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. आठवड्यातून दोनदा ते धुळ्याला यायचे आणि बाकी दिवशी घरी. सुरुवातीला नुसतं खुर्चीवरून उठणं आणि पायरीवर चढणं-उतरणं. मग हातात पाण्याने भरलेले तेलाचे डबे. मग खताच्या पोत्यात वाळू भरून ते कंबरेच्या दोराला बांधून ओढणं, आधी एक पोतं, मग दोन. जिममधली यंत्रं आमच्याकडे होती, पण खेड्यातल्या माणसाला घरी जे मिळतं त्यावरच व्यायाम बसवला तर तो टिकतो, हे मी फार वर्षांपूर्वी शिकले. खाण्यात अक्कांना सांगितलं, प्रत्येक जेवणात डाळ नाहीतर दूध नाहीतर अंडी, कळण्याची, म्हणजे उडीद घातलेली, भाकरी चालेल, नुसती बाजरीची पुरणार नाही.

अक्का माझ्याहून कडक निघाल्या. मोबाइलवर सेकंद मोजायला त्या एका दिवसात शिकल्या, आणि आबा एक उठबस कमी करून बघायचे तेव्हा म्हणायच्या, "नऊ झाल्यात. दहावी कोठे शे?" आबांना गावाने बघू नये असं वाटायचं, म्हणून पोती ओढायला ते मळ्यात जायचे. पण खेड्यात काय लपतं. एक दिवस बांधावरून शेजाऱ्याने विचारलं, "आबा, बैल इकी टाकात का?" बैल विकून स्वतःच जुंपून घेतलंत का, असा टोमणा. आबा तीन दिवस मळ्यात गेले नाहीत. चौथ्या दिवशी अक्कांनी दोर स्वतःच्या कंबरेला बांधला आणि पोतं ओढायला लागल्या, तेव्हा आबा उठून गेले. ही हकीकत अक्कांनी मला सांगितली आणि आम्ही दोघी एवढ्या हसलो, की आबा खोलीच्या बाहेर जाऊन बसले.

सहा आठवडे फरक दिसेना. हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, कारण तिथेच माणसं सोडतात. सातव्या आठवड्यात पाच उठबशा अकरा सेकंदांत झाल्या, हात न टेकता. मांडीचा घेर टेपने मोजला तर वाढला होता, थोडाच, पण टेप खोटं बोलत नाही. आबांनी टेप माझ्या हातातून घेतला आणि स्वतः मोजून पाहिला. मग म्हणाले, "इंजेक्शन चालू शे नं?" मी म्हणाले, चालू आहे, तुमच्या अंगात आत्ताही काम करतंय. जाताना ते लिफ्टकडे न वळता जिन्याने गेले, आणि मी दारात उभी राहून त्यांच्या पाठमोऱ्या पायांकडे बघत राहिले. माझ्या पेशात याहून चांगला देखावा नसतो.

आणि मग ते घसरायला लागले. चैत्र लागला होता. अकराचे बारा झाले, पुढच्या खेपेला चौदा, मग सोळा. दोन पोत्यांऐवजी एक ओढताना त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. वजन उतरलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही सापडलं नाही. मी विचारलं, व्यायाम करता का घरी? हो म्हणाले. जेवता का नीट? हो म्हणाले. आखाजीला अठरा-वीस दिवस राहिलेले. मला माझा सौदा हातातून जाताना दिसत होता, साक्रीचे गुरुजी दिसत होते, आणि माझं तोंड सुटलं. "आबा, थापा मारू नका. कामचुकारपणा केला की असंच होतं. सव्वीस वर्षं गाड्या ओढल्या म्हणता, त्या गावाने मागून ढकलल्या असतील."

खोलीतल्या सगळ्या पेशंटनी माना वर केल्या. आबा उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. पुढच्या खेपेला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. फोन संजय उचलायचा आणि म्हणायचा, "बोलत नाहीत मॅडम ते."

रविवारी मी सोनगीर फाट्यावर बसमधून उतरले. संजय मोटरसायकल घेऊन आला होता. रस्ताभर मी माफीची वाक्यं जुळवत होते, मला ती सवय नाही. घरी पोचले तर आबा नव्हते, मळ्यात पोती ओढायला गेले होते. म्हणजे माणूस कामचुकार नव्हताच. ओसरीवर अक्का भगर निवडत बसल्या होत्या. मी बघितलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अक्का, ही भगर कुणासाठी?"

"त्यास्ना उपास शे ना, मॅडम. गुढीपाडवापाइन. एक टाइम भगर, बस. त्यास्नी सांगं नही का तुमले?"

भगताचा उपास. जत्रेआधी भगताने, नव्याने आणि जुन्यानेही, अन्न सोडायचं, एकभुक्त राहायचं, गादीवर झोपायचं नाही. मी पिंप्राळ्यात वाढलेली मुलगी. आमच्याकडेही बारागाड्या निघतात, आमच्या गल्लीच्या टोकाला भगताचं घर होतं, तो जत्रेआधी किती वाळलेला दिसायचा ते मी परकर घालत होते तेव्हापासून पाहिलंय. आणि या माणसाला मी दोन-अडीच महिने डाळ, दूध, अंडी यांचे धडे दिले, पण उपासाचं विचारायचं मला सुचलं नाही. हार्मोन नसलेल्या शरीराला सव्वीस वर्षांपूर्वीचा उपास झेपत नाही. जेमतेम चढलेलं मांस ते रोज थोडं थोडं जाळत होतं. आणि मी त्यांना थापाडे म्हटलं होतं.

आबा मळ्यातून आले. मी उभी राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं, आबा. दोन्ही चुकलं, बोलले ते आणि विचारलं नाही ते."

ते खाटेवर बसले. पायांची माती झटकत म्हणाले, "देवनं काम शे. ते दवाखानामा कसाले सांगानं?"

उपास सोडा असं मी म्हणू शकत नव्हते, म्हटलं असतं तर मला फाट्यावर चालत जावं लागलं असतं. मी अक्कांना विचारलं, उपासाला काय काय चालतं. अक्कांनी बोटं मोजली. भगर, राजगिरा, शेंगदाणे, दही. दूध? दूध तर मोजतच नाहीत, दूध कितीही वेळा. म्हणजे एकदाच बसून खायचं ते फराळाचं, दुधाला वेळेची अट नाही. मी विचारलं, आणि दही बांधून त्याचा चक्का केला तर? अक्का म्हणाल्या, ते दहीच राहतं. आणि दुधात शेंगदाण्याचं कूट ढवळलं तर? अक्का थांबल्या, विचार केला, आणि म्हणाल्या, "पेवानं शे, खावानं नही. चालस."

"तू देवनी वकील शे का?" आबा म्हणाले.

"सव्वीस वरीस तुमना उपास मीच रांधेल शे," अक्का म्हणाल्या. "माले माहिती नही, मंग कोणले माहिती?"

त्या दिवसापासून कुटाचं दूध दिवसातून चार वेळा, आणि एकवेळच्या फराळात वाटीभर चक्का. तेही पुरेसं होतं की नाही, मला खात्री नव्हती. आखाजीच्या आदल्या आठवड्यात उठबशा बारा सेकंदांवर आल्या. पुन्हा अकरा झालंच नाही. मी आबांना बाराच सांगितले, त्यांना एकदा थापाडे म्हटल्यावर स्वतः खोटं सांगायची हिंमत उरली नव्हती.

आखाजीच्या दुपारी मी गावात पोचले तेव्हा ऊन तापलेलं होतं. आता गावात बैलगाड्याच कमी, त्यामुळे बारा जुळवायला संजय तीन गावं फिरला होता, आणि त्यातल्या चारांना ट्रॅक्टरची चाकं होती. गाड्यांमध्ये बायका, मुलं, पाहुणे, पाय ठेवायला जागा नव्हती. संजय पिवळ्या धोतरात, कपाळभर भंडारा, घाबरलेला. उजवीकडे आबा. मानेवर ओला पंचा, कारण त्यांना मधेच अंगातून वाफ यायची. त्यांनी मला गर्दीत पाहिलं आणि बघितलंच नाही असं दाखवलं.

येळकोटाचा गजर झाला. संजयने हिसका दिला. गाड्या हलल्या नाहीत. दुसरा हिसका, तरी नाही. भाऊबंदकीतले दोघं-तिघं एकमेकांकडे बघायला लागले. आबा संजयच्या कानाशी गेले आणि काहीतरी बोलले. संजयने गुडघे वाकवले, खूप खाली, आणि मांड्यांनी वर उठला. पहिल्या गाडीचं चाक कुरकुरलं. मग दुसरीचं. आणि बाराच्या बारा निघाल्या.

मी गाड्यांच्या बाजूने पळत होते, साडी खोचून, साठीला आलेली बाई. माझे डोळे फक्त आबांच्या पायांवर होते. टाच, चवडा, टाच, चवडा. शंभर पावलं गेली. पाय उचलत होता, घासत नव्हता. दीडशेच्या पुढे चढ लागला आणि आबांचा चेहरा लाल झाला, पण हात संजयच्या कंबरेच्या फडक्यात रुतलेला होता. देवळाच्या अलीकडे रस्त्यावर खडी सांडली होती. तिथे संजयचा पाय घसरला. गुडघा जमिनीला लागायला वीतभर राहिला होता, आणि मागून बारा गाड्या येत होत्या. डावा बगल्या मागे पडला, त्याची पकड सुटली. आबांची सुटली नाही. त्यांनी उजवा पाय रोवला, खाली बसले, आणि त्या नव्वद किलोच्या मुलाला एका हाताने घेऊन वर उठले. एकही पाऊल न चुकता दोघं पुढे निघाले, आणि गाड्या देवळासमोर जाऊन थांबल्या.

मला रडू आलं. त्याला कोणतंही इंजेक्शन कारण नव्हतं. लोक म्हणाले, देवानं उचललं. मी त्या दिवशी कुणाशी वाद घातला नाही, पण ज्या मांडीने उचललं ती मी टेपने मोजली होती. संजयने बापाच्या पायावर डोकं ठेवलं. आबांनी त्याला भंडारा लावला आणि ओट्यावर बसले, धापा टाकत. अक्कांनी त्यांच्या हातात दुधाचा तांब्या दिला.

इंजेक्शनची तारीख त्यानंतर चौथ्या दिवशी होती. सौद्याप्रमाणे आबा यायला हवे होते, पण जिंकलेला माणूसही सौदा विसरतो, हे मी पाहिलेलं आहे. सकाळचे अकरा वाजले, बारा वाजले. मी चार वेळा जिन्याच्या तोंडाशी जाऊन आले. सिस्टरने इंजेक्शन फ्रिजमधून काढून ठेवलेलं.

साडेबाराला ते जिन्याने वर आले. संजय नव्हता, अक्काही नव्हत्या. त्यांच्या मागे, कठडा धरत, प्रत्येक पायरीवर थांबत, एक दुसराच माणूस चढत होता. आबांच्याच वयाचा, सदरा तसाच लोंबणारा, मान खाली. शेवटच्या तीन पायऱ्या आबांनी त्याला काखेत हात घालून वर घेतलं आणि माझ्यासमोर उभं केलं.

"हाऊ शेजारना गावना शे," आबा म्हणाले. "जत्रामा माले इचारे, आबा, तुम्ही एवढं कसं पळनात. मी बठ्ठं सांगी टाकं. याले बी तीच गाठ शे, नि यानी दोन इंजेक्शनं चुकाडी टाकात."

तो माणूस जमिनीकडे बघत होता. ज्या आबांनी जवळजवळ वर्षभर गावात कुणाला आजाराचं नाव कळू दिलं नव्हतं, त्यांनी भर जत्रेत ते सांगून टाकलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी इंजेक्शनच्या खोलीचं दार ढकललं आणि सिस्टरला म्हणाले, "पहिले याना डॉक्टरले फोन करा, याले द्या. मना नंबर मंग."